अडीच लाख किलोमीटरच्या घरात गेलेली गाडी गळायला लागली, तर

पार्किंगच्या फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला की आधी बोलतात ते शेजारी. आमच्या अपार्टमेंटमधले काका म्हणाले, "इंजिन गेलं की रं हे. इकून मोकळा हो." त्याच आठवड्यात एका गॅरेजवाल्यानं खाली वाकायचे कष्टही न घेता सांगितलं, "जुनी गाडी हाय, थोडं गळणारच. ऑइल टाकत ऱ्हावा." एकानं गाडीचं तेरावं घातलं, दुसऱ्यानं तिला अमर करून टाकलं. गळती कुठून आहे हे मात्र दोघांनीही बघितलं नव्हतं.

माझी गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, एमएच ०९ पासिंग, पहिल्यापासून माझ्याकडेच. रोज कोल्हापूर ते कागल एमआयडीसी ये-जा, शिवाय महिन्यातून दोन-तीनदा आजऱ्याकडे गावी. महिन्याला पंधराशे किलोमीटर सहज होतात. काट्यावर आता २ लाख ३६ हजार आहेत. या गाडीपायी जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. पहिलीच जुनी गाडी हाताळणाऱ्यांसाठी हे लिहिलंय, त्यामुळे जाणत्यांना काही गोष्टी बाळबोध वाटतील.

आधी बघा, गाडी जागची हलवायची की नाही

दुरुस्ती की बदली हा प्रश्न नंतरचा. काही गळत्या अशा असतात की गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत न्यायची नसते.

पहिली ब्रेक ऑइलची. पातळ, पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागतं आणि बॉडीवर सांडलं तर रंग सोलतं. चाकाच्या आतल्या बाजूनं टायर ओला दिसला, किंवा ब्रेकचा पायडल नेहमीपेक्षा खाली जायला लागला, तर किल्ली काढून ठेवा. ब्रेक शू आणि पॅड झिजले की डबीतली पातळी सावकाश थोडी खाली येते, तेवढं चालतं. पण आठवड्यात मिनिमम रेघेखाली गेली तर ती गळतीच. "उद्यमनगरातलं गॅरेज इथंच तर आहे, हळू नेतो" हा विचार करू नका. टो करून न्या.

दुसरी पेट्रोल-डिझेलची. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा भपकारा आला तर सेल्फ मारायचा नाही. इथं आपल्या जिल्ह्याचा थोडा संबंध आहे. साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील त्या हिशोबानं बनलेल्याच नव्हत्या. दहा-पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीची इंधनाची नळी बोटांनी दाबून आणि जरा वाकवून बघा. कडक पडली असेल, बारीक भेगा दिसत असतील, तर गळायची वाट न बघता बदला. शे-दोनशेचं काम आहे.

तिसरी कूलंटची, तीही जोरात असेल तर. टेम्परेचरचा काटा वर चढला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. गगनबावड्याचा घाट चढताना काटा वर गेलाय आणि मंडळी "वर पोचूया, मग बघू" म्हणतायत, तर मंडळींना खाली उतरवा. दोन किलोमीटरच्या त्या हट्टात हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं आणि पाचशे रुपयांच्या नळीचं काम पंचवीस-तीस हजारांवर जातं.

चौथी खूण म्हणजे डॅशबोर्डवरची ऑइलच्या किटलीची लाल खूण. बहुतेक गाड्यांत ती पातळी दाखवत नाही, दाब दाखवते. चालू गाडीत ती पेटली म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाहीये. तिथल्या तिथं बंद.

यातलं काही नसेल तर घाई नाही. पंधरा दिवस घ्या.

खोक्याची रात्र

लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर पुठ्ठ्याची मोठी खोकी पडलेली असतात. एक उलगडून रात्री इंजिनखाली सरकवा. पुढच्या चाकांच्या जागा खडूनं आखा आणि पुठ्ठ्यावर "ड्रायव्हर बाजू" असं लिहून ठेवा, कारण सकाळी बाहेर काढताना तो फिरतो आणि मग डावं-उजवं कळत नाही. मी पहिल्या दिवशी नेमकी हीच चूक केली होती.

सकाळी डाग बघा, बोट लावा, वास घ्या. काळपट-तपकिरी आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळसर, पाण्यासारखं, वास किंचित गोड, म्हणजे कूलंट. हे विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून ताबडतोब धुऊन टाका. घट्ट आणि गंधकासारखा उग्र दर्प असलेलं गिअर ऑइल. लालसर पातळ असेल तर पॉवर स्टिअरिंगचं, मात्र तुमच्या गाडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर त्यात तेलच नसतं. आणि स्वच्छ, बिनवासाचं पाणी डावीकडच्या सीटच्या पुढे पडलं असेल तर ते एसीचं. त्याची काळजी नको. एप्रिल-मे महिन्यात एसीच्या पाण्यानं घाबरून गॅरेज गाठणारे दरवर्षी भेटतात.

जागाही बोलते. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्याच्या एका टोकाला टायमिंग आणि बेल्ट, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. डाग या दोन टोकांपैकी कुठल्या बाजूला आहे आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली आहे का, एवढं जरी सांगता आलं तरी मिस्त्री तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

डाग फसवतो, पट्टी फसवत नाही

तेलाचा एक थेंब फरशीवर पसरून रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा होतो. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर धरा. रात्रीत शंभर थेंब पडले, फरशी भयानक दिसते, तरी तेल गेलं पाच मिलिलिटर. महिन्याचे दीडशे. इंजिनात तीन-चार लिटर असतं. उलटंही होतं. उभ्या गाडीखाली थेंब नाही, पण चालू असताना दाबानं तेल फेकलं जातं आणि रस्त्यावर उडून जातं. म्हणून पुठ्ठ्यावर विसंबू नका, मोजा.

सपाट जागी, सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी (डिपस्टिक) काढा, पुसा, परत घाला, बघा. तारीख, किलोमीटर, पातळी वहीत लिहा. पट्टीवरच्या मिनिमम-मॅक्सिममच्या दोन खुणांत बहुतेक छोट्या गाड्यांत लिटरच्या आसपासचं अंतर असतं. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. पाचशे किलोमीटरनी पुन्हा बघा. कूलंटच्या पांढऱ्या टाकीवर मार्करनं रेघ मारून तेच करा.

माझं मोजमाप निघालं हजार किलोमीटरला ६०० मिलि. म्हणजे महिन्याला लिटरभराला थोडं कमी, साडेचारशे रुपये लिटरच्या भावानं चारशे रुपये. चारशे रुपयांसाठी कुणी गाडी विकत नाही. मात्र नुसत्या तेलाच्या किमतीवरही जाऊ नका. गळणारं तेल इंजिनच्या रबरी फाउंडेशनवर, बेल्टवर, नळ्यांवर बसतं आणि रबर फुगवून मऊ करतं. क्लचवर गेलं तर क्लच घसरतो. चारशेची गळती अशी दुसरी कामं काढत जाते.

धुवायचं, फिरवायचं, मग खाली जायचं

तेलानं माखलेल्या इंजिनाकडे बघून गळती सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. धावत्या गाडीत वाऱ्यानं तेल मागे पसरतं, वरून खाली ओघळतं. डाग चेंबरखाली (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली) दिसतो आणि उगम वर टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाला, असतो. म्हणून ओलं दिसतंय त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका शोधायचा, आणि त्यासाठी आधी इंजिन स्वच्छ पाहिजे.

सर्व्हिसिंगवाल्याकडे खालून-वरून धुऊन घ्या. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या सॉकेटवर प्लास्टिक बांधायला सांगा आणि प्रेशरचा फवारा थेट त्यावर मारू देऊ नका. पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या कडेला धुण्याचा विचार असेल तर तो सोडा, ते तेल कुठं जाणार ते आपल्याला माहीत आहे. धुऊन झाल्यावर हायवेनं कागलपर्यंत जाऊन या. चाळीसेक किलोमीटरात इंजिन नीट तापतं. मग ज्या गॅरेजला खड्डा किंवा लिफ्ट आहे तिथं टॉर्च घेऊन खालून बघा. गळती बारीक असेल तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर फुंकायची, तेल आलं की तिथं ओली रेघ उठते. कूलंट कुठून जातंय ते डोळ्यांना दिसत नसेल तर रेडिएटरला हातपंपानं दाब देऊन तपासायचं साधन येतं. ते असलेलंच गॅरेज गाठा.

इथं माझीच गोष्ट सांगतो. धुण्याआधी एका ठिकाणी मला सांगितलं गेलं होतं, "रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागंल. सत्तर हजार धरा." (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या.) टॅपेट कव्हर आणि क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील), दोन्हीकडून तेल येत होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. गाडी विकायचा फोटोसुद्धा काढून झाला होता. मग एका मित्रानं उद्यमनगरातल्या त्याच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवलं. ते टणाटण उडायला लागलं. मला वाटलं, झालं, रिंगाच. त्यांनी मान हलवली, इंजिन बंद केलं, ब्रीदरची नळी काढली आणि तोंडात धरून फुंकली. हवा पलीकडे जाईना. नळी उलटी करून ठोकली तर काळा, मलमासारखा घट्ट गाळ बाहेर पडला.

"सर, हिला श्वास घ्यायला जागाच न्हाई. मग आतली हवा तेल ढकलत न्हाई काय, जिथनं वाट गावंल तिथनं?"

पिस्टनच्या बाजूनं थोडी हवा खाली चेंबरमध्ये उतरतेच, नव्या इंजिनातसुद्धा. ती ब्रीदरमधून परत इनटेकला जायला हवी. वाट तुंबली की आत दाब साठतो आणि धडधाकट पॅकिंगमधूनही तेल पाझरतं. अशा गाडीला नुसती नवी पॅकिंग बसवली तर सहा महिन्यांत तीही गळते. नळी साफ केली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, मजुरीसह १,८५० रुपये झाले. त्यानंतर मोजलं तर हजार किलोमीटरला दीडशे मिलि. झाकण आता उडत नाही, नुसतं थरथरतं, आणि डिझेलला तेवढं चालतं.

ब्रीदर साफ करूनही झाकण उडत राहिलं, धूर निळा येत असेल, तर मात्र कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून मागा. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि कंपनीच्या मर्यादेत असतील तर इंजिन अजून दमदार आहे. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आत काम आहे. सकाळी स्टार्ट करतानाच निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सील. चढावर रेस दिल्यावर येत असेल तर रिंगा, किंवा टर्बो असेल तर टर्बो.

कुठली गळती किती जड

भागाची किंमत आणि तिथं पोचायची मजुरी यांचा एकमेकांशी संबंध नसतो. नवख्यांचा सगळा गोंधळ इथंच होतो.

ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल फिल्टर नीट न बसणं, ऑइल प्रेशर स्विच, टॅपेट कव्हर, होज पाइपचा क्लिप ही कामं तासा-दोन तासांची. यासाठी गाडी विकायचा विचार मनात आणू नका.

क्रँकचं मागचं सील मात्र विचित्र. सील काहीशे रुपयांचं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरावा लागतो आणि मजुरी हजारांत जाते. हे काम क्लच प्लेटसोबत करायचं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरणारच असतो, सील फुकटात बदलून होतं. क्लच अजून चांगला असेल आणि गळती थेंबांची असेल तर थांबा. तसंच टायमिंगच्या बाजूचं. काही गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. पंप गळाला म्हणून उघडलं असेल तर बेल्ट, टेन्शनर, कॅम आणि क्रँकची पुढची सील एकदमच करून घ्या. दुसऱ्यांदा उघडायची मजुरी वाचते.

रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांना चीर गेली तर एम-सील लावून पावसाळा काढता येतो, दुसरा नाही. बदला. आणि हळद! रेडिएटर गळाला की हळद टाकायची युक्ती ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना माहीत आहे आणि खरंच, भोक बुजतं. पण हळदीला भोक आणि बारीक नळ्या यांतला फरक कळत नाही. सांगलीची हळद पांढऱ्या रश्श्यातसुद्धा घालत नाहीत, रेडिएटरमध्ये कशाला. बाजारात मिळणाऱ्या गळती-रोधक पावडरींचंही तेच. आडरानात अडकलात तर घरी पोचायला वापरा, नंतर सगळं धुऊन काढा.

हेड पॅकिंग ही खरी जड गोष्ट. बाहेर कुठं थेंब नाही आणि कूलंट कमी होतंय, पांढरा धूर थांबत नाही, थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट केल्यावर सतत बुडबुडे येतात, ही लक्षणं. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरं दिसलं तरी लगेच घाबरू नका. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर आतला दमटपणा तसा साचतो. पट्टीवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर मात्र तेलात पाणी गेलंय, यात शंका नाही.

इथं कोल्हापूरकर नशीबवान आहेत. फाउंड्री आणि ऑइल इंजिनांच्या धंद्यावर वाढलेलं हे गाव. शिवाजी उद्यमनगरात हेडचं फेसिंग (तळ मशिनवर सपाट करणं), बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारी वर्कशॉप चालत जायच्या अंतरावर आहेत. जे काम दुसऱ्या गावात "नवीन हेडच टाका" म्हणून संपतं ते इथं मशिनवर होतं. एकच पथ्य पाळा. हेड उतरलं की ते सरळ आहे का हे लोखंडी पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून बघितल्याशिवाय, आणि तडा आहे का हे दाब देऊन तपासल्याशिवाय, नुसतं नवं पॅकिंग टाकून बंद करू देऊ नका. फेसिंगचं बिल वेगळं मागा, म्हणजे हेड खरंच वर्कशॉपला गेलं होतं हे कळतं.

पत्रा बघा

इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर हे सगळं बदलता येतं. सडलेला पत्रा येत नाही. माझ्या मते दुरुस्ती की बदली याचा निकाल ऑइलनं लावू नये, गंजानं लावावा.

गाडी लिफ्टवर असतानाच बघून घ्या. जॅक लावायच्या जागा, दरवाजांखालच्या पट्ट्या, सस्पेन्शन जिथं बॉडीला जोडलंय ते कोपरे, कार्पेट उचलून आतली जमीन. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर टोकानं जरा दाबा. आरपार गेलं तर त्या गाडीवर इंजिनचा खर्च करू नका. कोकणात राहिलेली गाडी असेल तर हे दुप्पट लक्ष देऊन बघा, खारा वारा पत्रा आतून खातो.

पुरातली गाडी हा वेगळाच विषय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बऱ्याच गाड्या पाण्याखाली गेल्या. माझ्या मेव्हण्याची त्यांपैकी एक. इंजिनचं काम झालं, गाडी सुरू झाली, सगळे खूश. मग वर्षभरानं एकेक सॉकेट हिरवं पडायला लागलं. आज वायपर बंद, उद्या सेंट्रल लॉक, परवा हायवेवर अचानक इंजिन बंद. दोन वर्षांत ऐंशी हजार घातले आणि शेवटी भंगाराच्या भावात दिली. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा. सीटखालच्या बोल्टांवर गंज आहे का बघा.

कागदांचं वय

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी कारसाठी ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची बंदी आली होती, तशी आपल्याकडे नाही, त्यामुळे "डिझेल आता बंदच होणार" म्हणून कुणी भाव पाडत असेल तर ऐकू नका. पण पासिंग सहा महिन्यांवर आलं असेल तर मोठ्या दुरुस्तीआधी तो खर्च धरा. तेलानं माखलेली, धूर ओकणारी गाडी तपासणीला अडतेही.

हिशोब

लोक विचारतात, "गाडीची किंमत दीड लाख, त्यावर चाळीस हजार घालायचे का?" प्रश्न चुकीचा मांडलाय असं मला वाटतं. गाडीची किंमत तुम्ही विकणार असाल तर कामाची. चालवणार असाल तर पुढची दोन वर्षं महिन्याला किती पडतील ते बघा.

वहीत एका बाजूला पुढच्या वर्षभरात लागणारं सगळं लिहा, गळतीचं आणि बिनगळतीचं. माझी यादी अशी होती: क्लच आणि क्रँक सील १४,५००, वॉटर पंप आणि बेल्ट ४,८००, सस्पेन्शनचे बुश ६,५००, बॅटरी ५,२००, दोन टायर ८,०००. एकूण ३९,०००. न दिसलेल्या कामासाठी आणखी २०,००० बाजूला. झाले ५९,०००, म्हणजे चोवीस महिन्यांवर वाटले तर महिन्याला अडीच हजारांच्या आत.

दुसऱ्या बाजूला नवी गाडी. सहा लाख कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण १२,४५०. माझी ३९ हजारांची यादी म्हणजे तीन हप्ते आणि वर थोडं. जुनी गाडी मला आणखी वर्षभर जरी नीट चालली तरी फायद्यात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाडीचं कोटेशन ताजं घ्या आणि जुन्या गाडीच्या भावाचा दोन वर्षांपूर्वीचा आकडाही डोक्यातून काढा.

तिसरी वाट, तीन-साडेतीन लाखांची सेकंडहँड. ती मला सगळ्यात कमी पटते. आपल्या गाडीची गळती निदान आपल्याला माहीत आहे. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन विकायच्या आदल्या दिवशी धुतलेलं असतं आणि काटा किती खरा ते देव जाणे.

मर्यादा मात्र आधीच ठरवा, गॅरेजमध्ये उभं राहून नव्हे. माझी अशी: एका वर्षाची यादी गाडीच्या दुरुस्त अवस्थेतल्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर घरात बसून विचार, किमतीएवढी झाली तर बदली. पत्रा सडला असेल तर हिशोबच नाही. आणि घरात कुणी आजारी असेल, रात्री-अपरात्री दवाखाना असेल, तर हे सगळे आकडे बाजूला ठेवून भरवशाची गाडी घ्या.

मिस्त्रीशी बोलताना

"किती होतील?" हा शेवटचा प्रश्न. आधी विचारा, "मिस्त्री, कुठनं येतंय ते मला दाखवा." मग, "खोलल्यावर आणि काय निघू शकतं?" चांगला मिस्त्री इथं जरा थांबतो आणि दोन-तीन शक्यता सांगतो. "काय न्हाई निघत" म्हणणाऱ्यापासून सावध रहा. पॅकिंग कंपनीचं की लोकल, हे ठरवून घ्या. शंभर रुपये वाचवायला लोकल सील घालून पाच हजारांची मजुरी पुन्हा देण्यात अर्थ नाही. जुने भाग परत मागा. जुनं सील दगडासारखं कडक लागलं तर ते खरंच संपलं होतं. सिलिकॉन पेस्ट थापून पॅकिंग वाचवत असेल तर थांबवा, तिचे सुटलेले तुकडे चेंबरमध्ये ऑइलच्या जाळीत अडकतात. आणि दोघांकडून अंदाज घ्या, पण पहिल्याचा आकडा दुसऱ्याला सांगू नका.

बदलायचंच ठरलं तर

गळती लपवू नका, भाव थोडा कमी घ्या आणि फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलून होईपर्यंत पाठपुरावा करा. नुसत्या सह्या करून एजंटकडे कागद सोडू नका. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ नं आधी उतरवा. भंगारातच द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) घ्या. नव्या गाडीच्या नोंदणीत त्याचा उपयोग होतो.

काम झाल्यावर

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि मग हजारनंतर पट्टी, कूलंट, पुठ्ठा, तिन्ही बघा. हेड पॅकिंग झालं असेल तर पहिला आठवडा घाट नको. वही बंद करू नका.

माझं क्रँक सील अजून केलेलं नाही. क्लच अजून धरतो, आजऱ्याच्या चढावर घसरत नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच करायचं ठरलंय, दिवाळीनंतर. तोपर्यंत गाडीखाली पुठ्ठा आहे. परवा सकाळी त्यावर तीन ठिपके होते. काकांनी ते मोजले आणि म्हणाले, "अजून इकली न्हाईस व्हय?"